टिळकांचे कपाट वाचवण्यासाठी आवाहन

मंडळीतील सर्व बंधुभगिनींस, तसेच पुणे, मुंबई, नाशिककडे व परदेशी गेलेल्या आपल्या नगरकरांस, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पाऊस तोंडावर आला आहे म्हणून मुद्द्याचे आधी लिहितो. वाचनालयाच्या मागच्या खोलीचे पत्रे गेल्या पावसाळ्यात गळले, ते अजून तसेच आहेत. त्यांच्याच खाली टिळकांचे, म्हणजे कवी रेव्ह. ना. वा. टिळकांच्या नावाचे पुस्तकांचे कपाट आहे. खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली आहे आणि ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या बांधीव अंकांची पाने हात लावला तरी तुटतात.

कपाटात काय आहे ते आपल्याला सांगायला हवे असे नाही, पण संडे स्कूलच्या मुलांसाठी लिहितो. रेव्ह. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन प्रभूकडे आले. घरदार, जात, नातलग सगळे सुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर साडेचार वर्षांच्या वर त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे आपल्या मनाने राहुरीला बाप्तिस्मा घेऊन त्याच वाटेने आल्या. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली याच नगरात निघाला. १९१२ पासून मरेपर्यंत त्याचा मराठी भाग टिळकांनी सांभाळला. आज रविवारी ‘उपासना संगीता’तून आपण जी गाणी पेटी-तबल्यावर म्हणतो, त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. देवाची स्तुती अभंगात आणि कीर्तनातही होते, हे त्यांनी मंडळीच्या अंगवळणी पाडले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी करायला गेले. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते देवाघरी गेले. मागे पैसा नव्हता, कागद होते.

ते कागद घरच्यांनी जपले. ख्रिस्तचरित्रावरच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे जेमतेम अकरा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. ज्या बाई कधी शाळेत गेल्या नाहीत, ज्यांना अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला. तो बघायला लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ देवदत्तांनी पाठपुरावा केला म्हणून लिहिली गेली, आणि त्यांची साक्षेपी आवृत्ती नातू अशोकरावांनी सिद्ध केली. तीन पिढ्या एका घराने हे काम केले. बालकवी ठोंबरे नगरला राहत होते तेही याच घरात. साहित्याचे लोक बाहेरून येतात, ‘टिळक कुठे राहत होते?’ म्हणून विचारतात, आणि आपलेच लोक एकमेकांकडे बघतात.

हे कपाट आपोआप भरलेले नाही. थोरले गुरुजी निवृत्तीनंतर दर महिन्याच्या पेन्शनीतून एकेक जुने पुस्तक आणत. रद्दीवाल्याकडून ‘ज्ञानोदया’चे गठ्ठे सायकलला बांधून आणलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. मेट्रनबाईंनी जाताना लोखंडी कपाट दिले, तेच हे. महिला संघाने नाताळात करंज्या-चकल्या विकून ट्यूबलाइट बसवल्या. तरुण संघाच्या मुलांनी दोन सुट्ट्या घालवून यादी केली, तीही सुवाच्य अक्षरात. हंगामाच्या सणाला अर्पणांच्या लिलावात एका कोंबडीवर तीन-तीनदा लिलाव चढवून ती पुन्हा मंडळीलाच देणारे आपले भाजीवाले मामा तर सर्वांना ठाऊक आहेत. त्या साऱ्यांचे उपकार कमिटी विसरलेली नाही.

गेल्या वर्षीही असेच पत्रक काढले होते. सात घरांतून मदत आली. टिळकांच्या जयंतीला मात्र शंभरावर मोबाइलवर त्यांचा फोटो झळकला. बरे वाटले, नाही असे नाही. पण फोटोने पत्रे बदलत नाहीत. ‘हे मिशनने करायला हवे’ असे काहीजण म्हणाले. मिशनचा पगार सोडणाऱ्या माणसाच्या पुस्तकांसाठी तरी हे वाक्य नको होते.

खर्च : पत्रे व लाकूडकाम ५५,०००, दोन नवी कपाटे ३२,०००, बाइंडिंग व वाळवीची फवारणी २८,०००, जुन्या अंकांचे स्कॅनिंग ४०,०००; एकूण १,५५,००० रुपये. हाती २३,४०० आहेत. पत्र्यांचे काम जूनच्या पहिल्या आठवड्याआधी व्हायलाच हवे, बाकीचे नाताळापर्यंत. रोख रक्कम रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी व पावती घ्यावी. ऑनलाइनसाठी क्यूआर कोड व्हरांड्यातल्या फळ्यावर आहे. पैसे पाठवताना ‘टिळक कपाट’ लिहावे, नाहीतर रक्कम इमारत फंडात जमा होते. दानार्पणाच्या थैलीत टाकल्यास पाकिटावर नाव लिहावे. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी शनिवारी सकाळी पुस्तके हलवायला यावे. सुतारकाम येणाऱ्यांची विशेष गरज आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
सेक्रेटरी, वाचनालय कमिटी

ता. क. : गुरुजींच्या वेळेपासून वाचायला नेलेली काही पुस्तके अजून परत आलेली नाहीत. कुणाच्या घरी असतील तर कृपया आणून द्यावीत. दंड घेणार नाही.