नुसत्या शब्दांचं काम

सांगली

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

नाटकाची पदं लिहायला तुला बोलावलंय, पण चाली दुसरा कुणी लावणार, म्हणून तू नकार कळवायच्या बेतात आहेस, असं आईकडून कळलं. फोनवर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय. काम घे.

तुझा तो सॉन्डहाइम, अमेरिकन संगीत नाटकांचा गीतकार-संगीतकार. त्यालाही संगीत स्वतःच करायचं होतं. 'वेस्ट साइड स्टोरी' या नाटकात सूर संगीतकार बर्नस्टाइनचे, याच्याकडे फक्त शब्द; तो कां कूं करत होता. त्याचा गुरू, गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइनने त्याला समजावलं की मुरलेल्या माणसांबरोबर काम करायला मिळतंय, ते सोडू नकोस. ते नाटक 1957 मध्ये आलं. 1959 च्या 'जिप्सी'तही नुसते शब्दच. शब्द आणि संगीत दोन्ही त्याचं असलेलं पहिलं नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर, लागलं ते 1962 मध्ये.

पण मला खरं सांगायचंय ते अण्णासाहेब किर्लोस्करांचं. (सांगलीकर असून आपल्या सांगलीच्या आद्य नाटककार विष्णुदास भाव्यांना बाजूला ठेवतोय, इथे कुणाला दाखवू नकोस.) पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारा हा माणूस पारशी मंडळीचं 'इंद्रसभा' बघतो आणि त्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 1880 ला, 'शाकुंतल'चे पहिले चार अंक उभे करतो. लिहिणारे तेच, तालमी घेणारे तेच, सूत्रधारही तेच. आपण त्यांना नाटककार आणि संगीतकार दोन्ही म्हणतो. आणि चाली? साकी, दिंडी, कीर्तनातल्या, लावणीच्या, कितीतरी कानडी गाण्यांच्या. जुन्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्दच दिलेले असतात, लपवाछपवी नाही. तयार चालीवर मराठी शब्द असे बसवायचे की ते शकुंतलेच्या तोंडचंच बोलणं वाटावं, हे त्यांचं खरं कसब. पुढे बडोद्याहून गायक नट भाऊराव कोल्हटकर आले. तो गळा हाताशी असताना अण्णासाहेबांच्याच 'सौभद्र'ची सुभद्रा केवढी गायली! 1885 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब गेले, 'रामराज्यवियोग' हे नाटक अपुरंच राहिलं. म्हणजे ज्यावर आपली संगीत रंगभूमी उभी आहे ती सगळी कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची.

'मानापमान'चंही बघ. 1911 मध्ये संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या अंगाच्या चाली आणल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांवर पदं बसवली. खाडिलकर त्यामुळे कुठे लहान झाले?

दुसऱ्याच्या चालीवर लिहिताना तू जे शिकशील ते स्वतःच्या चालीवर कधीच शिकणार नाहीस. शब्द अडला की तू चाल वाकवतेस, मी ऐकलंय. तिथे चाल वाकणार नाही. शिवाय तालमीला बसायला मिळेल. कुठल्या नटाचा दम कुठे संपतो, संवाद संपून पद सुरू होताना पेटी किती आधी वाजली पाहिजे, ही विद्या घरी लॅपटॉपपुढे येत नाही.

पैशाचं मात्र संकोच न करता बोल. एकरकमी मानधनावर भागवू नकोस. दर प्रयोगामागे काय मिळणार आणि जाहिरातीत नाव कुठे येणार, ते आधी लिहून घे. निर्माते चांगले असले तरी लिहून घे.

तू पाठवलेली दोन्ही पदं मी पेटीवर वाजवून बघितली. पहिलं सुरेख आहे. दुसऱ्यात अंतऱ्याचा शेवट वरच्या षड्जावर, आणि नेमका तिथे तू ईकार ठेवलायस, त्याच्या आधी जोडाक्षर. गाणारीचा गळा आवळणार. आकारान्त शब्द शोध, नाहीतर ओळच फिरव. ध्रुवपदाला हात लावू नकोस.

निर्मात्यांना उद्याच फोन कर. आईने चकल्या पाठवल्यात, त्या पोचल्या का ते तिला कळव.

तुझे,
बाबा