बाबांच्या पँटची कंबर

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" करून फोन तुझ्याकडे देतात आई, आणि तू लगेच विचारतेस जेवलीस का, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय.

परवा सांगलीला आले होते तेव्हा बाबांनी ती राखाडी पँट दिली ना टेलरकडे कंबर सैल करायला, ती मी रिक्षात बसल्या बसल्या उलटी करून बघितली. आत जुन्या शिवणीच्या दोन खुणा आहेत आणि तिसरी आत्ताची शिवण, म्हणजे याआधी दोनदा सैल करून झालीय आणि आता आत कापड उरलंय जेमतेम बोटभर.

बाबा, तुम्ही म्हणणार दिवाळीचा फराळ नडला. नाही हो. विम्याच्या फाईलमध्ये १९९६ चा मेडिकलचा कागद सापडला, त्यावर तुमचं वजन ६२ किलो आहे, आत्ता ७७. पंधरा किलो, पण २९ वर्षांत, म्हणजे वर्षाला अर्धा किलो आणि दिवसाला दीड ग्रॅमसुद्धा नाही, कुठल्या काट्यावर दिसणार ते? म्हणून तर "मी पहिल्यासारखंच खातो" हे तुम्हाला मनापासून खरं वाटतं.

अमेरिकेत नर्सेस आणि मेडिकल लाइनमधल्या इतर लोकांचा असाच अभ्यास झालाय, २०११ ला छापून आला, १ लाख २० हजारांवर माणसं, बारा ते वीस वर्षं. त्यांचं पण दर चार वर्षांनी सरासरी दीड किलोच, असं हळूहळू वाढत गेलं. बटाट्याचे वेफर्स, फ्राइज, गोड कोल्ड्रिंक, मटण हे ज्यांचं वाढलं त्यांचं वजन जास्त वाढलं, आणि दही, शेंगदाण्यासारखे दाणे, फळं, भाज्या ज्यांनी वाढवल्या त्यांचं कमी. तिकडची माणसं वेगळी, खाणं वेगळं, आणि यामुळेच ते झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण वाचताना मला आपलाच हॉल दिसत होता. टीव्हीचे तास वाढले की वजन वाढलेलं. आपल्याकडे सातला पहिली सिरीयल लागते ती दहापर्यंत, आणि मध्ये भडंगाचा डबा. भडंगाला सांगलीच्या माणसाने नावं ठेवू नयेत, मी पण ठेवत नाहीये, फक्त डबा मांडीवर नको, वाटीत घ्या आणि झाकण लावून आत ठेवा.

आई, तुझं विरजण पास. पण त्यात झोपेचं पण आहे, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचं जास्त वाढलेलं, आणि तू साडेअकराला ओटा पुसतेस आणि पाचला उठतेस. ओटा सकाळी पुसला तर काय बिघडतंय गं? आणि चहा, तो त्या अभ्यासात नाही, हा माझा हिशोब: पाच कप, दोन-दोन चमचे, म्हणजे रोज ४०-५० ग्रॅम साखर. एकदम बंद कर म्हणत नाही, दीड चमचा कर, बाबांना सांगू नकोस, कळणार पण नाही. (बाबा, हे वाचलंच असेल तर गप्प बसा.)

एक गोष्ट मात्र बाबा, सिगारेट. सोडल्यावर पहिल्या चार वर्षांत त्या लोकांचं पण बाकीच्यांपेक्षा दोन किलोवर जास्त वाढलं होतं. तुमची ती पहिली शिवण त्याच वर्षांतली असणार. ते वजन मला चालतं, त्याबद्दल मी कधीच काही बोलणार नाही, परत त्या वाटेला जाऊ नका एवढंच.

सकाळी आमराईत जायला लागा दोघं, अर्धा तास, आई गुडघ्याचं निमित्त सांगेल तरी न्या.

पँट सैल करायलाच दिलीय, शनिवारी मिळेल. पावती फ्रिजवर चिकटवलीय.

तुमची,
ताई