सिस्टर, आईला घुमटावर नेल्याबद्दल

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता घ्यायचा राहून गेला, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. वसईतलं कुणी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल, अशी आशा आहे.

रोममध्ये त्या संध्याकाळी आम्ही मायलेकी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चची रांग बघूनच परत फिरलो होतो. चौकभर वळसा घातलेली रांग, डोक्यावर ऊन आणि आईचे गुडघे. बसमध्ये मागून "काकू, मुंबईच्या का तुम्ही?" असं मराठीत ऐकू आलं आणि आईचा चेहरा खुलला. तुम्ही म्हणालात, "उद्या पावणेसातला चौकातल्या खांबांपाशी या. मी मिस्साला, सकाळच्या प्रार्थनेला, येतेच आहे."

सकाळी बर्निनी या शिल्पकारानं चौकाभोवती उभारलेल्या त्या २८४ खांबांमध्ये आम्हाला आमच्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. तपासणीला दहा माणसंही नव्हती. आत मायकेलअँजेलोच्या 'पिएता' या शिल्पासमोर तर आपण तिघीच. मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली ती संगमरवरी आई माझ्या आईनं किती वेळ बघितली, आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

छतापर्यंत लिफ्ट होती. पुढे घुमटावर जायला ३२० पायऱ्या म्हटल्यावर आई खालीच बसली. "तुम्ही दोघी जाऊन या. या वयात मला कुठे जमतंय."

तुम्ही तिच्या शेजारी बसलात. "वय किती, काकू?"

"७१."

"मायकेलअँजेलोनं १५४७ मध्ये या चर्चचं काम हाती घेतलं तेव्हा तोही ७१ वर्षांचा होता. १५६४ मध्ये तो गेला, तेव्हा घुमट उभा राहायचाच होता. जाकोमो देल्ला पोर्ता या वास्तुकारानं तो १५९० मध्ये पुरा केला."

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला बघायलाच मिळाला नाही?" आणि पदर खोचून उठली.

घुमट दुहेरी आहे, दोन कवचांमधल्या सांदीतून जिना जातो, हे तुम्ही आधीच सांगितलंत. त्यामुळे भिंत अंगावर झुकायला लागली तेव्हा आई घाबरली नाही, उलट भिंतीला हात लावून बघत राहिली. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की थांबायचं. मागून कुणी येत नव्हतं, त्यामुळे वाट अडवल्याची चुटपुट नव्हती. तुम्ही आम्हाला इतक्या लवकर का बोलावलंत, ते मला तिथे कळलं.

शेवटच्या गोल जिन्यात कठड्याऐवजी मधोमध जाड दोर लोंबत होता. तो तुम्ही आईच्या हातात दिलात आणि वर आपला हात ठेवलात. "विहिरीचा दोर आहे असं समजा, काकू." माहेरी कोकणात आईनं लग्न होईपर्यंत विहिरीचं पाणी ओढलंय. ती त्या दोराला धरून वर आली.

वर वारा होता. खाली खांबांच्या दोन कमानी, पलीकडे टायबर नदी, कोवळ्या उन्हात सगळं रोम. आईनं हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही. तुम्हीही बाजूला सरून उभ्या राहिलात.

खाली आल्यावर तुम्हाला वर्गाला जायची घाई होती, आणि आईनं चकल्यांचा अख्खा डबाच तुमच्या पिशवीत टाकला. आता ती रोज विचारते, "सिस्टर सुट्टीला कधी येणार गं?" आलात की वसई-दिवा गाडीनं कोपरला उतरा, मी न्यायला येते. डबा राहू द्या तुमच्याकडेच. आई दुसरा भरून ठेवणार आहे.

तुमची,
काकूंची लेक