सूर्य मावळायच्या आतलं डिनर

प्रिय सुऱ्या,

सहा महिने फोन नाही, मेसेज नाही, तू पाठवलेल्या बेदाण्याचा डबा रिकामा झाला तरी पोचला म्हणून कळवलं नाही, सगळं मान्य. शिव्या गुरुवारी घाल, का ते पुढं कळेल. तब्येत बरीय, शुगर होती तिथंच आहे, गुडघा पाऊस आला की बोलतो. आज लिहायला बसलो कारण दुपारी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कागद सापडला आणि तो तुला सोडून दुसऱ्या कुणाला दाखवून काही उपयोग नाही. पण आधी माझं रडगाणं ऐक.

राजकोटचे एक शेठ चाकणला प्लांट टाकतायत. शाफ्ट आणि हाउसिंगचं मशीनिंग बाहेरून करून घेणार आहेत. दुसरी व्हीएमसी मशीन माझी मे महिन्यापासून एकाच शिफ्टला चालतीय आणि बँक हप्ता मात्र पुरा घेते, त्यामुळं हे काम काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको. सॅम्पल पास झालं, रेटवर घासाघीस झाली, आता शेठ मुलाला घेऊन स्वतः शॉप बघायला येणार आणि मग जेवण. मी मोठ्या तोंडानं बोलून गेलो, शेठजी, डिनर हमारी तरफ से. ते म्हणाले, जरूर, लेकिन हम चौविहार करते हैं.

मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवून बायकोला विचारलं, चौविहार म्हणजे काय. तिच्या ऑफिसात एक मैत्रीण जैन आहे. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीपण बंद. सध्या इथं पावणेसातच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे डिनर साडेपाचला, लख्ख उजेडात, लोक भजी आणि चहा घेतात त्या वेळेला.

बरं, तारीख तरी पुढं ढकलावी, तर तेही नाही. शेठ पर्युषण, म्हणजे जैनांचे ते उपवासाचे दिवस, झाल्याशिवाय राजकोट सोडत नाहीत. त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी, तो येतो आपल्या गणेश चतुर्थीच्या आसपास, आणि इकडं अनंत चतुर्दशी झाली की पौर्णिमेनंतर लगेच पितृपक्ष, त्यात आमचे दादा नव्या कामाच्या कागदाला हात लावू देत नाहीत, तुला माहितायत दादा. मधे उरतात फक्त गणपतीचे दिवस. त्यात संध्याकाळी पेठांत गाडी घालायची म्हणजे शेठ अर्ध्या रस्त्यातच उपाशी झोपणार. आपटे रोड, डेक्कन, लक्ष्मी रोड सगळं गेलं. वैशालीत दिवसभर मिळतं, पण शेठना एफसी रोडवर पाटीखाली नंबरला उभं करू का? घरी बोलवावं म्हटलं, तर आमच्या सोसायटीचा मंडप बरोब्बर आमच्या गॅलरीखाली आहे. तीस हजाराचा स्पीकर आहे रे, माझीच वर्गणी आहे त्यात.

मग काय, सोमवारपासून रोज संध्याकाळी हॉटेलं बघत हिंडतोय. एवढं मी लग्नाच्या वेळी मुली बघत हिंडलो नव्हतो. पहिल्यांदा गेलो हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात. साडेपाचला आत शिरलो तर दिवे अर्धे, एसी बंद, मागच्या टेबलावर सगळा स्टाफ वरणभात खात बसलेला आणि एक पोरगा ढीगभर नॅपकिनांचे पंखे करतोय. मॅनेजर म्हणाला, सर, किचन सातला सुरू. म्हटलं, जैन जेवण आहे का? म्हणाला, सगळं जैन होतं सर, तुम्ही फक्त सांगा. हे 'सगळं होतं' मला नको असतं. आपल्याकडं जो वेंडर ड्रॉइंग न बघता सगळं होतं म्हणतो त्याचे जॉब परत येतात का नाही?

दुसऱ्या ठिकाणी तर गुजराती थाळी. आता राजकोटच्या माणसाला पुण्यात गुजराती थाळी घालायची म्हणजे तुला कुणीतरी तासगावात येऊन द्राक्षं भेट द्यायची. तिसरं स्टार हॉटेल, ते पाचला उघडायला तयार, पण तिथं खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर म्हणून जेवणावर १८ टक्के जीएसटी, बाहेर साध्या ठिकाणी ५ टक्के. सीएला विचारलं तर तो म्हणतो, जेवणावरचं क्रेडिट तुम्हाला कुठंच मिळत नाही, मग ५ काय नि १८ काय, काम मिळणार असेल तर खा. ह्याच्या फीवरचा जीएसटी तेवढा हा कधी विसरत नाही.

त्यात शेठच्या मुलाचा मला वेगळा मेसेज, "अंकल, पापा सो जायेंगे उसके बाद कहीं चलेंगे क्या?" म्हणजे एक डिनर उजेडातलं आणि एक अंधारातलं. दुसऱ्याला मी नाही म्हणणार आहे, गुडघ्याचं कारण सांगून.

चौथं ठिकाण निगडीकडं. छोटंसं आहे, बारा टेबलं, नाव तुला माहीत नसणार. तिथं मी हुशारीनं थेट आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं. पन्नाशीचा माणूस, हाताला कणीक. विचारलं, जैन करता का? तो म्हणाला, "आमची ग्रेव्ही सकाळीच होते साहेब, कांद्याची. आयत्या वेळी जैन मागितलं तर तीच धुऊन देतात लोक. मला आदल्या दिवशी सांगा, टोमॅटो आणि काजूची वेगळी लावतो, भांडी वेगळी." मग आल्याचं विचारलं. म्हणाला, ओलं आलं नाही चालत, सुंठ घालतो. मोड आलेली उसळ नको, पालेभाजी नको, कच्च्या दह्याबरोबर डाळीचं काही नको, हे त्यानं मला सांगितलं, मी त्याला नाही. वर म्हणाला, गणपतीचे दिवस आहेत, उकडीचे मोदक ठेवतो, तांदूळ खोबरं गूळ, त्यात कशालाच हरकत नाही, पण तूप मात्र भरपूर सांगा. आणि किचन पाचला उघडायला दीड तास आधी गॅस पेटवावा लागतो, त्याचे वेगळे काही नको म्हणाला. तिथल्या तिथं कोपऱ्यातलं टेबल धरलं, शेठची पाठ भिंतीला येईल असं, समोर टीव्ही नाही. बिल टेबलावर येणार नाही, ॲडव्हान्स देऊन आलोय. ड्रायव्हरचं ताट पण सांगितलंय, ते आपण त्या वेळी विसरलो होतो.

तर आता त्या वेळेचं. ऑफिसात जुनी व्हिजिटिंग कार्डं शोधत होतो, कुठल्यातरी हॉटेलवाल्याचा नंबर असेल म्हणून, तर २०१३ चं ते बिल सापडलं. ऑर्केस्ट्रावालं हॉटेल. फरीदाबादचा तो पर्चेसवाला, नवरात्र चालू, आपण मटण हंडी सांगून बसलेलो आणि तो बिचारा नऊ दिवस कांदा-लसूणसुद्धा न खाणारा, लिंबू सरबत पिऊन वीस मिनिटांत उठला. स्टेजवरचा माणूस इतक्या जोरात गात होता की तो जातोय हेच मला आधी कळलं नाही. ऑर्डर गेली, आणि पुढच्या वर्षी आपली पार्टनरशिप पण.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय, दादांना, बायकोला, अगदी तुझ्या मेव्हण्याच्या लग्नात भर पंगतीत, की हॉटेल सुऱ्यानं ठरवलं होतं, त्याला गाण्याची हौस. तू तेव्हा एकदाच म्हणालास, मी नाही रे, आणि परत कधी बोलला नाहीस. बिलाच्या मागं पेननं तीन हॉटेलांची नावं लिहिलीत, दोन खोडलीत, तिसऱ्याला गोल, आणि गोलाशेजारी "ऑर्केस्ट्रा आहे, पार्टी खूश". अक्षर माझं आहे. तो 'श' मी अजून तसाच काढतो, गाठ मारल्यासारखा.

मी तो कागद घेऊन शॉपवर गेलो आणि उगाचच कूलंट बघत उभा राहिलो. आप्पा टर्नर म्हणाला, साहेब काय झालं, म्हटलं काही नाही.

तुझं काय चाललंय? ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू असेल, मजूर मिळाले का? पाऊस फार लांबला तर द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाचं बघ. पिंकीचं ॲडमिशन कुठं झालं, वैनींचं दुकान कसं चाललंय, हे सगळं गुरुवारी सांग.

हां, गुरुवार. टेबल पाच जणांचं धरलंय. शेठ, पोरगा, मी, माझा क्वालिटीवाला, पाचवी खुर्ची तुझी. मला रेट बोलता येतो, गप्पा नाही येत, ते खातं पहिल्यापासून तुझं. सकाळी सातला तासगावातून निघालास तर दुपारपर्यंत भोसरीत पोचतोस. दुपारचं कमी खा, साडेपाचला जेवायचंय. येणार नसशील तर तसं कळव. बिलाचा फोटो पाठवतोय, मागची बाजू. मेव्हण्याला पण फॉरवर्ड कर.

तुझा,
बंड्या