शेजारी शेजारी दोन तक्ते: रिपोर्टचं गणित उलगडून सांगणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

डावीकडे तालुकावार खतविक्री, उजवीकडे त्याच तालुक्यांतला शिल्लक साठा, आणि दोन्ही एका आडव्या ए-फोर पानावर. एसएसआरएसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवण्याच्या साधनात) दोन टॅब्लिक्स, म्हणजे तिथले तक्ते, असे ओढून ठेवायला दोन मिनिटं पुरतात. पण छापताना, एक्सेलमध्ये काढताना आणि पुढच्या महिन्याचे आकडे आल्यावरही ते जागेवर राहायला हवेत, आणि त्यासाठी काय करायचं ते तुम्ही फाइल उघडून एकेक पायरीने दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण याच ठिकाणी अडलेले खूप जण आहेत.

सगळ्यांत मोलाचा ठरला तुमचा पहिलाच प्रश्न: हे खरोखर दोन तक्ते आहेत का? साताऱ्याचे ११ तालुके दोन्हीकडे असतील, तर तो एकच तक्ता आहे. वेगळे ठेवले की धोका कुठे, तेही तुम्ही दाखवलंत. महाबळेश्वरची साठ्याची नोंद एखाद्या महिन्यात आली नाही, तर उजव्या तक्त्यातून ती ओळच गळते आणि तिच्या जागी माणचा आकडा सरकतो. डावीकडे महाबळेश्वर, समोर माणचा साठा. बेरीज मात्र बरोबरच येते, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही माहिती एका डेटासेटमध्ये, म्हणजे तक्त्याला आकडे पुरवणाऱ्या एकाच यादीत, आणण्याची तुमची रीतही लिहून ठेवावी अशीच. विक्री आणि साठा थेट जॉइन करायचे नाहीत, म्हणजे एकीकडची प्रत्येक नोंद दुसरीकडच्या प्रत्येक नोंदीला जोडायची नाही. कराडच्या विक्रीच्या ४० आणि साठ्याच्या ३ नोंदी असतील, तर तालुक्यावर जॉइन केल्यावर १२० ओळी तयार होतात; विक्री तिप्पट दिसते आणि साठा चाळीसपट. त्याऐवजी युनियन ऑल वापरायचं, म्हणजे दोन्ही याद्या एकीखाली एक रचायच्या, आणि प्रत्येक ओळीला 'विक्री' किंवा 'साठा' असा प्रकार लावायचा. मग टॅब्लिक्समध्ये ओळींचा ग्रुप तालुका, स्तंभांचा ग्रुप महिना. त्या महिन्याच्या ग्रुपवर उजवी क्लिक करून ॲड ग्रुप, ॲडजसंट आफ्टर, आणि तिथे खताचा प्रकार. दोन्ही स्तंभ-ग्रुपना आपापला फिल्टर लावायलाच हवा, कारण साठ्याच्या ओळींत महिना रिकामा असतो आणि फिल्टर नसेल तर बिनमथळ्याचा एक स्तंभ उगवतो. दोन भागांत ०.३ सेंटिमीटरचा रिकामा, बिनकडांचा स्तंभ घातला की वाचणाऱ्याला दोन तक्ते दिसतात, ओळी मात्र कधीच चुकत नाहीत.

ओळी खरोखरच वेगळ्या असतील, म्हणजे डावीकडे तालुके आणि उजवीकडे युरिया, डीएपी, पोटॅश, तर दोन टॅब्लिक्सना पर्याय नाही. तिथे रेक्टँगल, म्हणजे तक्ते आत ठेवायची चौकट, लागतो. आधीच मांडलेल्या तक्त्यांवर रेक्टँगल नुसता ओढला तर ते त्याच्या आत जात नाहीत, आत असल्यासारखे फक्त दिसतात. तक्ता कट करायचा, रेक्टँगलवर क्लिक करायचं आणि पेस्ट करायचं. मग तक्त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या पेरेंटच्या रकान्यात रेक्टँगलचं नाव आलं का ते बघायचं. आमच्या मते ही तपासणी कधीच टाळू नये. चार तक्ते असतील तर डावे दोन एका रेक्टँगलमध्ये आणि उजवे दोन दुसऱ्यात ठेवले की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे खाली वाढतात. डावा वरचा तक्ता लांबला म्हणून उजवा खालचा ढकलला जात नाही.

रुंदीचा हिशेब तुम्ही कागदावर करून दाखवलात. आडवं ए-फोर २९.७ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचा समास १-१, म्हणजे बॉडीला (रिपोर्टच्या मुख्य भागाला) जास्तीत जास्त २७.७. प्रत्येक तक्ता १३.२, मधली जागा ०.५, एकूण २६.९. उजवा तक्ता बरोबर १३.७ वर सुरू. तक्ता उजवीकडे ओढताना बॉडी आपोआप रुंदावते, पण तो परत डावीकडे घेतल्यावर आक्रसत नाही, म्हणून रुंदी हाताने टाकायची. नाही तर पीडीएफमध्ये एकाआड एक कोरी पानं येतात. आणि ज्याचे स्तंभ महिन्यागणिक वाढतात तो मॅट्रिक्स नेहमी उजवीकडे. डावीकडे असला तर तो वाढताना शेजारच्या ठरलेल्या रुंदीच्या तक्त्यालाही पानाबाहेर ढकलतो.

एक्सेलबद्दलचं तुमचं सांगणं तर विसरणं शक्यच नाही. एक्सेलमध्ये जाताना प्रत्येक वस्तूची कड ही स्तंभाची रेघ बनते. मथळ्याची चौकट १३.२१ वर संपली आणि तक्ता १३.२ वर, तर मध्ये केसाएवढा एक स्तंभ येतो, सेल मर्ज होतात आणि सॉर्टिंग अडतं. इंच आणि सेंटिमीटर मिसळले की हे हमखास होतं. आपोआप मिळणारा स्तंभ १ इंचाचा, म्हणजे २.५४ सेंटिमीटरचा असतो. म्हणून एकच एकक वापरायचं, डाव्या-उजव्या कडा आकडे टाकून जुळवायच्या आणि दोन्ही टॅब्लिक्सचा टॉप सारखा ठेवायचा. ओळींची उंचीही दोन्हीकडे सारखी हवी. १० पॉइंटच्या देवनागरीला ०.६ सेंटिमीटर पुरतात, त्याहून फार कमी केल्यास खालचे उकार कापले जातात. कॅन ग्रो (मजकुराप्रमाणे ओळ आपोआप उंचावण्याची सोय) दोन्हीकडे बंद, नाही तर एखादं लांब नाव दुसऱ्या ओळीवर उतरतं आणि तिथून खाली समोरासमोरच्या ओळी बिघडतात.

तक्त्याचा मथळा पुढच्या पानांवर पुन्हा न येण्याचं कोडंही तुम्हीच सोडवलंत: ग्रुपिंगच्या पट्टीत ॲडव्हान्स्ड मोड चालू करायचा, ओळींच्या बाजूची पहिली स्टॅटिक (कोणत्याही ग्रुपची नसलेली) ओळ निवडायची, कीप विथ ग्रुप आफ्टर आणि रिपीट ऑन न्यू पेज ट्रू करायचं.

तुम्ही दिलेला रिकामा साचा आता सगळ्यांच्या संगणकांवर आहे. त्यातल्या मोजमापांना कोणी हात लावत नाही, आणि नवा तक्ता आला की आधी तुमचाच प्रश्न विचारला जातो.

आपले कृतज्ञ,
मासिक खत अहवाल तयार करणारे आम्ही सर्व