कॉलेज रोडच्या कायरोप्रॅक्टर मॅडमना जाहीर आभारपत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

खाजगीत तुमचे आभार मानून झाले आहेत. हे चारचौघांत लिहितोय, कारण नाशिकच्या दिंडोरी, निफाड भागात निम्म्या द्राक्ष बागायतदारांची कंबर धरलेली असते आणि मोबाईलवर मान मोडण्याचे व्हिडिओ बघून कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्या-सांध्यांवर हाताने करायचा उपचार, म्हणजे तेवढंच, असं सगळ्यांना वाटतं. ऑक्टोबर छाटणी झाली की घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), दिवसभर हात वर आणि मान मागे. वर फवारणीचा ब्लोअर लावलेल्या ट्रॅक्टरचे हादरे. मीही 'एक कटाक आणि मोकळा' याच हिशोबाने आलो होतो.

तुम्ही मात्र पहिला बराच वेळ हातच लावला नाहीत. कळ पायात उतरते का, गुडघ्याखाली जाते का? रात्री आडवं पडल्यावरही ठणका राहतो का? वजन उतरलंय का, ताप येतो का? लघवी-संडासवर ताबा आहे ना, बैठकीच्या जागी बधिरपणा नाही ना? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी लाजलो. या शेवटच्या प्रश्नातलं काही असतं तर मला हात न लावता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं. मग चवड्यांवर चालवलंत, टाचांवर चालवलंत, उताणं झोपवून पाय सरळ वर उचललात, गुडघ्यावर हातोडी मारून बघितलीत. एक्सरे काढू का विचारलं, तर आत्ता गरज नाही म्हणालात. पैसे वाचले, हे खोटं कशाला बोलू!

उपचार म्हणाल तर थोडक्यात आटोपला. कुशीवर वळवून, वरचा गुडघा दुमडून, कमरेत एक छोटा, वेगवान झटका. आवाज आला. तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे; सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो, आणि आवाज आला नाही तरी बिघडत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. एक-दोन दिवस अंग आंबेल, हेही. आंबलं, आणि गेलं.

भिंतीवर पामरसाहेबांचा फोटो आहे. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यात त्यांनी ही विद्या सुरू केली आणि बहुतेक सगळे आजार मणक्यातूनच होतात असं ते मानत. माझी शुगरही उतरेल का, असं मी विचारलं. दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. "शुगरच्या गोळ्या चालूच ठेवा, मी फक्त कमरेचं बघते," एवढंच तुम्ही म्हणालात. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर ऑर्थोपेडिककडे चिठ्ठी देईन, हेही पहिल्याच दिवशी सांगितलंत. पॅकेज नाही, आगाऊ पैसे नाहीत. घरी करायचे व्यायाम मात्र कडक. ते मी करतो, अधूनमधून बुडवतोही.

पण खरे आभार आईसाठी आहेत. तिची मान दुखते म्हणून मी तिला घेऊन आलो. गोळ्यांची पिशवी तुम्ही टेबलावर ओतायला लावलीत आणि त्यात रक्त पातळ करणारी गोळी निघाली. वय आणि पाठीचा बाक बघून हाडं ठिसूळ असावीत म्हणालात. मानेच्या झटक्याने क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, हे आईला समजेल अशा भाषेत सांगितलंत आणि झटका द्यायला साफ नकार दिलात. हाडांची घनता तपासायला पाठवलंत, शेक आणि हलके व्यायाम सांगितलेत. आई रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होती, "एवढ्या लांब आणलंस आणि बाईंनी काही केलंच नाही." तपासणीत हाडं ठिसूळच निघाली. आता ती गावभर तुमचं नाव सांगत फिरते.

पुढच्या आठवड्यात मेव्हण्याला पाठवतोय. पिंपळगावहून कांद्याचा ट्रक चालवतो. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत आणायला सांगितलंय. मान मोडून द्या म्हणून तो हटून बसेल. माझं ऐकत नाही, तुम्हीच समजवा.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार