मेडिकलवाल्या काकांना, त्या न दिलेल्या गोळ्यांबद्दल

काका नमस्कार, तुमच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे त्यामुळे हे मुलगाच वाचून दाखवेल बहुतेक.

मी तो किडनी ट्रान्सप्लांटवाला, गेल्या पावसाळ्यात नायट्याने हैराण झालेला. आईची किडनी बसवून ३ वर्षं झालेली, रिपोर्ट सगळे मस्त, आणि वैताग कसला तर कमरेला नि जांघेत गोल चट्टे. आधी दुसरीकडून मीच एक ट्यूब आणली, खाज दोन दिवसांत गायब आणि महिन्याभरात चट्टे पोटापर्यंत. त्यात स्टिरॉइड होतं, ते नंतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरांतून शोधून दाखवलंत. प्रतिकारशक्ती आधीच टॅक्रोच्या (टॅक्रोलिमस) गोळ्यांनी दाबलेली, वरून हे, बुरशीची नुसती चंगळ.

मग स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो आणि ट्रान्सप्लांटचं बोललोच नाही. नायट्यासाठी कशाला एवढी जाडी फाईल न्यायची, म्हटलं. चूक माझीच. त्यांनी इट्राकोनाझोल लिहिलं, बुरशीवरच्या कॅप्सूल. तुम्ही पाकीट काउंटरवर ठेवलंत आणि परत उचललंत. "टॅक्रो चालूय ना रे तुझी?" मागे गर्दी, एक बाई "अहो आटपा की" करतायत आणि तुम्ही म्हणताय किडनीच्या डॉक्टरांना फोन लाव, त्याशिवाय देणार नाही. राग आलेला मला, खरं सांगतो.

फोनवर कळलं की या औषधाने लिव्हरमध्ये टॅक्रो मोडायचं काम मंदावतं, ती रक्तात साठत जाते आणि जी किडनी टिकवायला घेतो तिलाच मार बसतो. डॉक्टरांनी टॅक्रोचा डोस निम्मा केला, पाचव्या दिवशी तिची रक्तातली लेव्हल तपासायची. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं म्हणून गोळी खिशात घेऊन लॅबच्या बाकावर बसलेलो. पित्ताच्या गोळीचंही तुम्हीच विचारायला लावलंत, कारण पोटात अ‍ॅसिड कमी असलं की ती बुरशीची कॅप्सूल नीट लागू पडत नाही म्हणे.

आणि कोर्स संपल्यावर "आता टॅक्रो परत वाढवायची का ते विचारलंस?" हेही तुम्हीच. मी साफ विसरलेलो. तशीच निम्मी चालू ठेवली असती तर लेव्हल खाली येऊन शरीराने किडनी नाकारायचीच भीती.

चट्टे गेलेत, काळे डाग तेवढे आहेत. किडनीचा रिपोर्टही ठीक, क्रिएटिनिन १.२. टॉवेल अजून वेगळा, अंडरपँटला इस्त्री चालू, बायको हसते.

टॅक्रो संपत आलीय, शनिवारी येतो. आईने भडंग केलंय तुमच्यासाठी.